समुद्राकडे पाठ

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्थकर्नो गावाजवळच्या कड्यात बांधून काढलेल्या मिनॅक या खुल्या नाट्यगृहात, उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी मी एका फिरत्या नाटक मंडळीचा प्रयोग पाहत होते. नाटक राजघराण्यातल्या भाऊबंदकीचे होते आणि पहिला अंक संपत आला होता. युद्धात मुलगा गमावलेली एक आई रंगमंचाच्या मधोमध एकटी उभी राहून त्याच्या लहानपणाविषयी बोलत होती. आवाज चढलेला नव्हता, हात अंगालगत होते, आणि वाऱ्याने तिच्या काळ्या वस्त्राचा घोळ सतत एकाच बाजूला ओढला जात होता. नेमक्या त्या वेळी तिच्या मागे, कठड्यापलीकडच्या पाण्यात, डॉल्फिनांचा एक कळप आला. आधी एका कोपऱ्यातून दबका उद्गार ऐकू आला, मग कुणीतरी बोट दाखवले, पुढच्या रांगेतले एक लहान मूल बाकावर उभे राहिले, आणि बघता बघता शेकडो माणसांची नजर त्या बाईच्या खांद्यावरून पलीकडे निघून गेली. ती थांबली. आपल्या पाठीमागे काहीतरी घडते आहे आणि ते सुंदर आहे, हे आमच्या चेहऱ्यांवरून तिला नक्कीच कळले होते. एक पूर्ण श्वास घेण्याइतका वेळ गेला. तिने मान वळवली नाही. मग तिने पुढचे वाक्य उचलले, आधीपेक्षा अंमळ खालच्या आवाजात, आणि थोड्याच वेळात आम्ही सगळे परत तिच्याकडे पाहू लागलो.

ती का वळली नाही, हा प्रश्न नाटक संपल्यावरही माझ्या मनातून गेला नाही.

मिनॅकला येणारा प्रत्येक माणूस समुद्र पाहायला येतो, हे वेगळे सांगायला नको. नाटक कोणते आहे याची चौकशी न करता तिकीट काढणारे पुष्कळ असतात. दगडी पायऱ्यांची आसने कड्याच्या उतारावर अर्धवर्तुळात उतरत जातात, तळाशी लहानसा रंगमंच, त्याच्या मागे खांब आणि कमानी, आणि त्यापुढे आग्नेय दिशेला पसरलेले पाणी. पलीकडे ट्रेरिन डिनास नावाचा खडकाळ सुळका समुद्रात शिरलेला दिसतो. दुपारी हिरवट निळे असलेले पाणी संध्याकाळी करडे होते, मग जांभळे होते, आणि तिथी अनुकूल असेल तर त्याच पाण्यावर चंद्र वर येतो. या सगळ्या वैभवाकडे तोंड करून प्रेक्षक बसतो. तिकीट तपासणारे, उशा भाड्याने देणारे, वरच्या खोलीतून दिवे चालवणारे, सगळ्यांना ते दिसते. दिसत नाही ते फक्त नटांना, कारण प्रेक्षकांशी बोलायचे तर समुद्राकडे पाठ करावीच लागते. ज्या जागेसाठी लोक लांबून येतात, त्या जागेच्या थेट काठावर उभे राहून, तिच्याकडे न पाहण्याचे काम त्या मंडळीने पत्करलेले असते. ही गोष्ट मला त्या संध्याकाळपूर्वी कधी जाणवली नव्हती, आणि जाणवल्यावर या नाट्यगृहाची सगळी रचनाच मला वेगळी दिसू लागली.

ही रचना एका बाईच्या हातची आहे. रोवेना केड यांचा जन्म १८९३ चा, डर्बीशायरमधला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी हा कडा १०० पौंडांना विकत घेतला आणि तेथे आपल्यासाठी व आईसाठी घर बांधले. १९२९ मध्ये गावातल्या हौशी मंडळींनी जवळच्या एका कुरणात शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ उघड्यावर केले. त्यानंतर त्यांनी ‘द टेम्पेस्ट’ करायचे ठरवले, तेव्हा केड यांनी आपल्या बागेखालची घळ देऊ केली. वादळाने किनाऱ्यावर फेकलेल्या माणसांच्या नाटकाला समुद्र मागेच हवा, हे त्यांना लगेच पटले असणार. मग तो सगळा हिवाळा त्या, त्यांचे माळी बिली रॉलिंग्ज आणि चार्ल्स थॉमस अँगोव्ह असे तिघे ग्रॅनाइटचे धोंडे हलवत, माती ओढत, उतारावर पायऱ्या पाडत राहिले. १९३२ च्या ऑगस्टमध्ये पहिला प्रयोग झाला. उजेड मोटारींच्या दिव्यांचा, बॅटऱ्यांचा आणि घरातून ओढलेल्या विजेचा होता. या हकिगतीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, त्या घळीचा उतार मुळातच समुद्राकडे होता. वर बसा आणि खाली पाहा, एवढीच सोय निसर्गाने केलेली होती. प्रेक्षकांची दिशा अशी आधीच ठरली होती, आणि तिच्यासोबत नटाचीही.

त्यानंतर केड यांनी काम थांबवले नाही. उन्हाळ्यात नाटके, हिवाळ्यात बांधकाम, असा क्रम त्यांनी वयाच्या ऐंशीच्या पुढेपर्यंत चालवला. ग्रॅनाइट फोडणे खर्चाचे आणि कष्टाचे म्हणून त्या काँक्रीटकडे वळल्या; त्यासाठी लागणारी वाळू खालच्या पुळणीवरून पोत्यांत भरून कड्यावर चढवली जाई. ओल्या काँक्रीटवर जुन्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्या वेलबुट्ट्या आणि केल्टिक गाठी कोरीत. एका फुटलेल्या स्पॅनिश जहाजाच्या लांबलचक तुळया त्यांनी पुळणीवरून वर आणल्याची हकिगत अजून सांगितली जाते: चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी सरळ होकार दिला, आणि एवढ्याशा बाईला हे ओझे उचलणे शक्यच नाही असे समजून ते अधिकारी परत गेले. दुसऱ्या महायुद्धात या कड्याला काटेरी तारा लागल्या, बंदुका ठेवायला काँक्रीटची कोठडी उभी राहिली, आणि युद्धानंतर ते नाट्यगृह पुन्हा जवळजवळ पहिल्यापासून उभारावे लागले. १९७६ मध्ये केड यांनी ते एका विश्वस्त संस्थेच्या हवाली केले आणि १९८३ मध्ये त्या वारल्या. मी बसले होते त्या काँक्रीटच्या आसनाच्या पाठीवर कधीकाळी येथे झालेल्या एका नाटकाचे नाव आणि साल कोरलेले होते. अशी नावे बहुतेक आसनांवर आहेत. आठवडाभर येऊन निघून जाणाऱ्या मंडळीची एवढी तरी नोंद त्या बाईने ठेवली, याचे मला फार समाधान वाटले.

बंद नाट्यगृहात नटाच्या मागे भिंत असते, आणि ती भिंत त्याची केवढी मोठी मदतनीस असते हे भिंत नसलेल्या जागी गेल्याशिवाय कळत नाही. आवाज तिच्यावर आपटून प्रेक्षकांकडे येतो, हा तिचा अर्धा उपयोग. पाहणाऱ्याच्या नजरेला तिच्यापलीकडे जाता येत नाही, हा उरलेला अर्धा. सिसिलीतल्या ताओर्मिना येथील प्राचीन नाट्यगृहाचे चित्र पुष्कळांनी पाहिलेले असेल: पडक्या भिंतीच्या खिंडारातून खालचा समुद्र आणि एटना ज्वालामुखी दिसतो, आणि त्या दृश्यासाठीच ते नाट्यगृह जगप्रसिद्ध आहे. परंतु ग्रीकांच्या मूळ जागेवर रोमन लोकांनी पुन्हा बांधकाम केले तेव्हा रंगमंचामागे खांब-कमानींची उंच भिंत घालून त्यांनी ते दृश्य झाकून टाकले होते. आज आपण ज्याची वाखाणणी करतो ते खिंडार पडझडीने झालेले आहे. मला वाटते, ती भिंत घालणाऱ्यांना नाटक म्हणजे काय हे नीट ठाऊक होते. एटनाच्या पुढ्यात उभे राहून बोलणाऱ्या माणसाची अडचण त्यांनी ओळखली होती. केड यांनी मात्र भिंत घातली नाही. कमानी घातल्या, कठडा घातला, आणि नजर अडेल असे काही त्यापुढे उभे केले नाही. त्यांच्या या निर्णयाबद्दल मला आदर आहे, पण त्याची किंमत प्रत्येक आठवड्याला येणारी नवी मंडळी मोजते, हेही खरे.

आता आवाजाचे पाहा. समुद्राचा आवाज एका सुराचा नसतो. लाटा खडकावर फुटतात तेव्हा त्यात खालचे, वरचे सगळे सूर मिसळलेले असतात, आणि अशा मिश्र आवाजात माणसाच्या बोलण्यातली व्यंजने सर्वांत आधी बुडतात. स्वरांना बळ असते, ते तरून जातात. ‘स’, ‘त’, ‘फ’ यांच्यासारखी हलकी, तीक्ष्ण व्यंजने नाहीशी होतात, आणि मग वरच्या रांगेतल्या माणसाला आवाज येतो पण शब्द येत नाही. म्हणून अशा जागी जोराने ओरडणे उपयोगाचे नसते, शब्दांचे काठ नीट उच्चारावे लागतात. वाऱ्याचे गणित आणखी निराळे आहे. समुद्राकडून जमिनीकडे वारा असेल तर तो नटाच्या पाठीवर येतो, कपडे फडफडवतो, केस तोंडावर आणतो, पण आवाज मात्र प्रेक्षकांकडे वाहून नेतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा अंगाला सुखद लागतो आणि वाक्य तोंडातून निघताच परत नटाच्या मागे, पाण्यावर नेऊन टाकतो. हल्ली ध्वनिक्षेपणाची साधने असतात, तरी वाऱ्याचा फटकारा त्या साधनांतही शिरतो. बंदिस्त सभागृहांत महिनाभर प्रयोग करून तयार झालेल्या मंडळीला ही सगळी समज आल्या आल्या पहिल्याच संध्याकाळी आणावी लागते, आणि दुसऱ्या संध्याकाळी वारा फिरलेला असला तर नव्याने आणावी लागते.

पावसाविषयी येथला नियम साधा आहे: तो आला म्हणून प्रयोग सहसा थांबत नाही. छत्री उघडायला मनाई आहे, कारण मागच्या रांगेतल्यांना मग काही दिसणार नाही. प्रेक्षक रेनकोटाची टोपी ओढून घेतो आणि बसून राहतो. नटाला राजवस्त्रावर रेनकोट घालता येत नाही.

फिरत्या मंडळीचे खरे कष्ट मात्र प्रयोगाआधीचे असतात. साधारणपणे एक मंडळी आठवडाभर प्रयोग करते, ती गेली की दुसरी येते, आणि उन्हाळाभर हा क्रम चालू राहतो. सामानाची गाडी वरच्या रस्त्यापर्यंत येते. तेथून रंगमंचापर्यंत उतरायचे ते अरुंद, उभ्या पायऱ्यांवरून, आणि सामान उतरते ते माणसांच्या हातांनी. सिंहासन, ढाली, कपड्यांच्या पेट्या, दिव्यांच्या तारा, सगळे. त्यामुळे या जागी येणारी शहाणी मंडळी नेपथ्य घरी ठेवून येते. नाहीतरी उंच चौकट आणून उभी केली तर तिचे शीड होते आणि पहिल्या जोरदार झोताबरोबर ती आडवी होते. दिव्यांचेही असेच. जून-जुलैत येथे रात्री साडेनऊच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यानंतरही बराच वेळ आभाळ उजळ राहते, म्हणजे नाटकाचा पहिला अर्धा भाग पूर्ण उजेडात होतो आणि दिव्यांची तालीम करायची तर अंधार पडण्याची वाट पाहून मध्यरात्रीपर्यंत जागावे लागते. उजेडातल्या त्या पहिल्या अर्ध्या भागाचा एक परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. बंद नाट्यगृहात दिवे डोळ्यांवर असल्यामुळे नटाला समोर काळोख दिसतो. कोण जांभई देतो, कोण घड्याळ पाहतो, हे त्याला दिसत नाही. येथे त्याला प्रत्येक चेहरा दिसतो. त्या बाईला आमच्यातला एकेक चेहरा दिसत होता. समुद्र तिला दिसत नव्हता, परंतु समुद्रात काय चालले आहे ते तिला शेकडो चेहऱ्यांवर एकाच वेळी वाचता येत होते.

लहानपणी कोकणात पाहिलेल्या दशावताराची मला तेथे बसल्या बसल्या आठवण झाली. कार्तिकात जत्रा सुरू होत आणि दशावतारी मंडळ्या एका गावाहून दुसऱ्या गावाला रात्रीमागून रात्री फिरत राहत. समुद्राजवळच्या एका देवळाच्या आवारात आम्ही बसलेले असू. समोर एक पडदा, एक लाकडी बाक, बाजूला पखवाज, पायपेटी आणि झांज. याखेरीज त्या रंगमंचावर काही नसे. तो बाकच राजाचे सिंहासन होई, तोच डोंगर होई आणि तोच स्मशानातला दगड होई. संहिता नव्हती, संवाद नट जागेवरच रचीत, आणि तरीही तारामतीचे काम करणारा पुरुष मेलेल्या रोहिदासाला मांडीवर घेऊन बोलू लागला की आवारातल्या बायका पदर डोळ्यांना लावीत. तेथे समुद्र आमच्या पाठीशी होता. माडांच्या पलीकडून त्याची गाज येई, पण आमच्यापैकी कुणी वळून पाहत नसे, कारण त्या काळोखात पाहण्यासारखे काही नव्हते आणि समोर बत्तीच्या उजेडात तारामती होती. कोकणातल्या माणसाला समुद्र रोजचाच. त्याला जत्रेच्या रात्री नाटक हवे असते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असे दशावतारी नटाविषयी म्हणतात, आणि उजाडल्यावर खरोखरच तो राजा कपड्यांचा पेटारा उचलून पुढच्या गावची वाट धरताना मी पाहिलेला आहे. पण त्या रात्रीपुरते त्याला एक सुख होते, जे मिनॅकच्या नटाला मिळत नाही: लक्ष वेधून घेणाऱ्या कुठल्याही गोष्टीशी त्याची स्पर्धा नसे.

ही तुलना मनात आली तेव्हा मी कॉर्नवॉलच्या लोकांवर थोडासा अन्याय करते आहे असे मला वाटले, कारण उघड्यावरच्या नाटकाची त्यांची स्वतःची परंपरा केड यांच्या कितीतरी आधीची आहे. मिनॅकपासून काही मैलांवर सेंट जस्ट गावाच्या मध्यावर ‘प्लेन-अन-ग्वारी’ म्हणून ओळखले जाणारे एक गोल मैदान आहे, भोवती बुटका बांध, आत गवत. मध्ययुगात अशा रिंगणांत कॉर्निश भाषेतली धार्मिक नाटके होत. ‘ऑर्डिनालिया’ हे त्यांतले प्रसिद्ध नाटक चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, आणि ते तीन दिवस चाले. गोलाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या नटाला पाठ नावाची गोष्टच लपवता येत नाही; कुठे ना कुठे प्रेक्षक मागे असतोच. रिचर्ड कॅर्यू यांनी कॉर्नवॉलविषयी १६०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या नाटकांचे वर्णन आहे, आणि त्यातली एक गोष्ट विलक्षण आहे. नट आपले संवाद पाठ करून येत नसत. हातात पोथी घेतलेला एक माणूस त्यांच्या मागोमाग, सगळ्यांदेखत फिरे आणि हळू आवाजात वाक्य सांगे. नट ते मोठ्याने म्हणे. कॅर्यू सांगतात की एका खोडकर गृहस्थाने मागच्या माणसाने सांगितलेले प्रत्येक वाक्य, त्याच्या रागावण्यासकट, जसेच्या तसे प्रेक्षकांना ऐकवले, आणि तो माणूस शिव्या देत निघून गेला तेव्हा प्रेक्षकांना नाटकापेक्षाही अधिक मौज वाटली. म्हणजे नटाच्या पाठीमागे जे काही घडत असते ते प्रेक्षकांना दिसते, नटाला फक्त जाणवते, ही स्थिती या भूमीत फार जुनी आहे.

आणि त्या पाण्याखाली आणखी एक गोष्ट आहे, जी मुंबई पाहिलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मिनॅकच्या पायथ्याशी असलेल्या पोर्थकर्नोच्या पुळणीवर १८७० च्या जूनमध्ये समुद्राखालून येणारी तारायंत्राची केबल किनाऱ्याला लागली, आणि जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन या टप्प्यांनी मुंबई व लंडन तारेने जोडली गेली. ती आधी फाल्मथ बंदरात उतरवायची होती. पण गजबजलेल्या बंदरात जहाजांच्या नांगरांनी ती तुटेल या भीतीने ही निवांत पुळण निवडली गेली. जहाजाने जाणाऱ्या पत्राला आठवडे लागत तो मजकूर आता काही मिनिटांत पोचू लागला. पुढे या गावात एवढ्या केबली उतरल्या की ते जगातल्या मोठ्या तार केंद्रांपैकी एक झाले. तेथे आता संग्रहालय आहे. दुपारी मी ते पाहून आले होते. त्यामुळे संध्याकाळी ती बाई मुलाविषयी बोलत असताना, तिच्या मागच्या पाण्याखालून एकेकाळी किती मृत्यूंच्या बातम्या ठिपक्या-रेघांच्या रूपात मुंबईकडे गेल्या असतील आणि मुंबईकडून इकडे आल्या असतील, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. त्या बातम्या घेणारा तारमास्तरही समुद्राकडे पाठ करून, बंद खोलीत, कागदाच्या पट्टीवर डोळे लावून बसत असणार. नाटकाचा आणि त्याचा संबंध जोडणे ओढाताणीचे आहे हे मला कळते, परंतु त्या जागी बसल्यावर तो आपोआप जुळला.

आता त्या श्वासाइतक्या थांबण्याविषयी. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. ती वळली असती तर काय झाले असते? प्रेक्षक हसले असते, टाळ्या पडल्या असत्या, तीही हसली असती, आणि सगळ्यांनी मिळून डॉल्फिन पाहिले असते. विनोदी नाटकांत नट असे करतात आणि ते शोभते. नट आणि प्रेक्षक एकाच आभाळाखाली बसलेले आहेत याची ती प्रेमळ कबुली असते. मी स्वतः तसे प्रसंग आनंदाने पाहिलेले आहेत. तिने वळावे असे मला त्या क्षणी खरोखर वाटतही होते, कारण एवढे सुंदर काहीतरी तिच्या इतक्या जवळ आलेले असताना ते फक्त तिलाच मिळू नये, हे मला सहन होत नव्हते. पण ती वळली असती तर तो मुलगा पुन्हा मेला असता, असेच म्हणावे लागेल. त्याचे लहानपण तिने अर्धे उभे केले होते. उरलेले अर्धे तिच्यापाशी होते, आणि मान वळवताच ते हातातून गेले असते. तिने आमच्यावर रागही धरला नाही. आवाज चढवून आमचे लक्ष परत मागितले नाही, उलट तो उतरवला, आणि ऐकायचे असेल तर पुढे झुकावे लागेल अशी आमची स्थिती केली. कळप अजून पाण्यात होता. तरीही आम्ही झुकलो.

मला हे कौशल्य वाटते, आणि कौशल्याच्या पलीकडचे काहीतरीही वाटते. आठवडाभराने ही मंडळी दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या किल्ल्यात, बागेत किंवा पडक्या मठात प्रयोग करणार असते. प्रत्येक जागा तेथल्या लोकांचे भूषण असते, आणि प्रत्येक ठिकाणी नट त्या भूषणाच्या पुढ्यात उभा राहून दुसऱ्याच कुठल्यातरी देशाविषयी, दुसऱ्याच काळाविषयी बोलतो. जागेचा मान ठेवायचा आणि तिला शरणही जायचे नाही, ही कसरत त्याला दर आठवड्याला नव्या जागी करायची असते, आणि ती साधली की नाही हे प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही. वर्तमानपत्रांत अशा प्रयोगांविषयी लिहिताना सूर्यास्ताचे वर्णन हमखास असते. नटांविषयी एखादे वाक्य असते. मी कितीतरी वर्षे तशाच वर्णनांवरून या जागेची कल्पना केलेली होती, आणि त्या वर्णनांतून नेमके ते राहून गेलेले होते ज्यासाठी मला पुन्हा तेथे जावेसे वाटते.

ते पुन्हा जाणे लवकरच घडले, कारण मी त्याच गावात मुक्कामाला होते. आधीच्या मंडळीने शेवटच्या रात्री प्रयोगानंतर सगळे सामान पायऱ्यांवरून वर चढवले होते आणि नव्या मंडळीचे खाली उतरत होते. दिवसा नाट्यगृह पाहायला येणाऱ्यांसाठी उघडे असते, त्यामुळे वरच्या एका आसनावर बसून मला त्यांची तयारी पाहता आली. नव्या मंडळीतल्या सात-आठ तरुण मुलामुलींना त्यांची व्यवस्थापिका रंगमंचाची ओळख करून देत होती. आधी तिने त्यांना कठड्यापाशी नेले आणि हवा तेवढा वेळ समुद्र पाहू दिला. मग त्यांना रंगमंचाच्या पुढच्या कडेला आणले, आमच्याकडे तोंड करून एका ओळीत उभे केले, आणि न वळता उलट्या पावलांनी कठड्यापर्यंत जायला सांगितले. त्यांनी पावले मोजली. एक उंच मुलगा चौथ्या पावलालाच अडखळला आणि त्याने मागे पाहिले. तिने त्याला परत पुढच्या कडेला बोलावले आणि पहिल्यापासून मोजायला लावले.